विद्यापीठाचा महोत्सव गोंदियापर्यंत का येत नाही?



युवा महोत्सवाचे दिवस आले की महाविद्यालयाच्या सूचना फलकावर एक कागद लागतो. समूहगान, लोकनृत्य, एकांकिका, मूकनाट्य, वक्तृत्व, वादविवाद, रांगोळी, मेहंदी, पोस्टर, कोलाज. नावे द्या, निवड होईल, संघ जाईल. दहा-पंधरा मुले जातात, एखादी ढाल घेऊन परततात, प्राचार्यांसोबत फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर बातमी येते. संपला महोत्सव. गावाला त्याचा पत्ता नसतो, मोहल्ल्याला नसतो, ज्या बापाने धान विकून मुलीची फी भरली त्यालाही नसतो.

मी या महोत्सवाच्या विरोधात नाही. मीही एकेकाळी वादविवाद स्पर्धेत बोललो आहे आणि पहिल्यांदा माईकसमोर उभे राहताना पाय लटपटणे म्हणजे काय ते तिथेच कळले. माझी तक्रार दुसरी आहे. विद्यापीठाने कला आणि मानव्यविद्या यांचा वर्षातून एकदा लोकांसमोर उत्सव करायचा, तर तो असा बंद खोलीतल्या स्पर्धेसारखा का? आणि तो गोंदिया जिल्ह्यात का नको?

आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. शंभरी पार केलेली संस्था आहे. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे तिच्या कार्यक्षेत्रात येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. म्हणजे आता पूर्वेचे टोक आपणच. नागपूरहून गोंदिया रेल्वेने एकशे तीस किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून निघालेली विदर्भ एक्स्प्रेस इथवर येते, कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस इथवर येते. राज्याच्या दुसऱ्या टोकाहून गाडी रोज येऊ शकते, तर विद्यापीठाचे इतिहास, मराठी, पाली, समाजशास्त्र हे विभाग वर्षातून एकदा येऊ शकत नाहीत, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. सालेकसा किंवा देवरीच्या मुलाला तर नागपूर त्याहूनही लांब. त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट आणि निकाल.

महोत्सव म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडया सुरू होतात. गावोगाव वार ठरलेले. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, सोयरिकीच्या गोष्टी होतात, दिवसा दंडार नाही तर खडी गंमत, रात्री नाटक. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गाड्या भरून निघतात आणि होळीपर्यंत झाडीपट्टीची रंगभूमी गावोगाव जागी राहते. रात्रभर माणसे चादर पांघरून नाटक बघतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना झाडीपट्टी नावाचे काही आहे हे कळले. खडी गंमतीच्या फडांत आपल्या समाजाचे शाहीर होते आणि आहेत. देवादिकांच्या गणाऐवजी बुद्धवंदना आणि भीमवंदना घेऊन उभे राहणारे फड आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गणाच्या जागी वंदना आणणे ही लहान गोष्ट नव्हती. तो एक सांस्कृतिक निर्णय होता, आणि तो पाचवी-सातवी शिकलेल्या माणसांनी घेतला. या माणसांवर विद्यापीठात प्रबंध होऊ शकतो. पण त्यांना विद्यापीठाच्या मंचावर मानधन देऊन, नावानिशी, बोलायला बोलावले जाते का? की लोकनृत्याच्या दहा मिनिटांत त्यांची पोरे रंगीत कपडे घालून नाचली की लोककलेचे काम झाले?

आता दुसरा महोत्सव घ्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या आपल्या आयाबाया परत येताना काय आणतात? पुस्तके. पिशवीत भाकरीचे रिकामे डबे आणि त्यावर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', एखादे कॅलेंडर, एखादी मूर्ती. ज्यांना वाचता येत नाही त्यासुद्धा नातवासाठी घेतात. वर्षातून एकदा, सर्वांना खुले, विनातिकीट, भाषणे, गाणी, पुस्तके, इतिहास, तत्त्वज्ञान. याला मानव्यविद्येचा सार्वजनिक महोत्सव म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? नागपुरातला सर्वांत मोठा महोत्सव असा आहे, तो विद्यापीठाने सुरू केलेला नाही आणि तो चालवायला त्याला कुलगुरूंची सही लागत नाही. शंभर वर्षांच्या विद्यापीठाला स्वतःच्या शहरात हे दरवर्षी दिसते. त्यातून काही शिकावेसे वाटले असते तर एव्हाना वाटले असते.

जगात विद्यापीठे हे करतात. ब्रिटनमध्ये २०१४ पासून दर नोव्हेंबरला 'बीइंग ह्युमन' नावाचा मानव्यविद्यांचा राष्ट्रीय महोत्सव होतो. लंडन विद्यापीठाच्या पुढाकाराने तो सुरू झाला. तिथले प्राध्यापक ग्रंथालयात, संग्रहालयात, कॅफेत, गावच्या सभागृहात जाऊन आपले संशोधन लोकांना सांगतात आणि लोकांचे ऐकतात. परदेशाचे सोडा. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची जयकर व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत पोचली. आणि आपल्या राज्यात इंद्रधनुष्य नावाचा आंतरविद्यापीठ महोत्सव राजभवनाच्या पुढाकाराने २००३ पासून चालू आहे. म्हणजे यंत्रणा आहे, पैसा आहे, सवय आहे. फक्त तोंड आतल्या बाजूला आहे. स्पर्धकांसमोर स्पर्धक आणि परीक्षकांसमोर सगळे. लोक कुठेच नाहीत.

पण मला खरे बोलायचे आहे ते मंचावर काय असते याबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात, नाव सांगत नाही, स्नेहसंमेलनासाठी गाण्यांची निवड चालली होती. अर्जुनी मोरगावकडची एक मुलगी. आवाज असा की बाजूच्या वर्गातले तास थांबावेत. तिने भीमगीत म्हटले. सरांनी पूर्ण ऐकले, कौतुकही केले, आणि म्हणाले, "बेटा, आवाज छान आहे तुझा. पण हे जातीचं गाणं इथे नको. एखादं भावगीत घे." ती म्हणाली, "सर, हे जातीचं नाही जी, बाबासाहेबांचं आहे." सर हसले. त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. ते वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसाशी भांडणे सोपे असते. संमेलनाची सुरुवात मात्र सरस्वतीपूजनाने झाली, आणि ते कोणाला धर्माचे किंवा जातीचे वाटले नाही. मुलीने भावगीत म्हटले नाही. तिने नाव मागे घेतले.

स्पर्धांच्या यादीतही हेच आहे. शास्त्रीय गायनाला स्वतंत्र गट आहे, सुगम गायनाला आहे, पाश्चात्त्य गायनालाही आहे. भीमगीताला नाही. ज्या गाण्यांनी महाराष्ट्रातल्या लाखो निरक्षर घरांत राज्यघटना, शिक्षण आणि बुद्ध पोचवला, वामनदादा कर्डकांसारख्या माणसाने ज्यासाठी आयुष्यभर पायपीट केली, तो प्रकार यादी करणाऱ्यांना दिसत नाही. त्याला सुगम गायनाच्या दारातून, अंग चोरून आत यावे लागते.

जानेवारी २०२१ मध्ये नागपुरात काय झाले ते आठवा. विदर्भ साहित्य संघाने कवी यशवंत मनोहर यांना जीवनव्रती पुरस्कार जाहीर केला. मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार हे कळल्यावर त्यांनी तो नाकारला. ज्या व्यवस्थेने स्त्रिया आणि शूद्रांना शिक्षण नाकारले तिचे प्रतीक असलेल्या प्रतिमेसमोर मी सन्मान घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. संघाने परंपरा बदलली नाही. वर्तमानपत्रांत दोनचार दिवस वाद रंगला, काहींनी मनोहर सरांना हटवादी म्हटले. हटवाद कोणाचा होता? एक प्रतिमा बाजूला ठेवली असती तर संघाचे काय गेले असते? आणि एका कवीने मान तुकवली असती तर आपल्या मुलीने ज्या दिवशी नाव मागे घेतले त्या दिवसाचे काय झाले असते?

यात कायद्याचीही बाजू आहे आणि ती आपल्या पोरांना पाठ असली पाहिजे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षण संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही कोणाला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. लक्षात घ्या, संमतीशिवाय. आपण गप्प बसलो की ती संमती धरली जाते. तेव्हा पुढच्या वेळी दिवा लावायला सगळ्यांनी उभे राहा म्हटले की भांडण न करता बसून राहावे, आणि विचारले तर अनुच्छेदाचा क्रमांक सांगावा. घोषणांपेक्षा हा क्रमांक जास्त काम करतो, हा माझा अनुभव आहे.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील, कशाला त्यांच्या मंचावर जायचे? आपला भीम महोत्सव आहे, आपली व्याख्यानमाला आहे, आपले विहार आहे. त्यांचे त्यांना लखलाभ. हा विचार मला कळतो. अपमानातून तो येतो. पण मला तो पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो.

पहिली गोष्ट, विद्यापीठ त्यांचे नाही. ते कराच्या पैशावर आणि आपल्या मुलांच्या फीवर चालते. आपण मागे सरलो की ती जागा कोणाला तरी फुकट मिळते.

दुसरी गोष्ट आपल्याला टोचणारी आहे. आपले स्वतःचे महोत्सव काय झाले आहेत? चौदा एप्रिलला आपल्या मिरवणुकीत काय वाजते? ज्या समाजाकडे भीमराव कर्डकांचा जलसा होता, जिथे बाबासाहेबांचा विचार ढोलकी आणि तुणतुण्यावर गावोगाव गेला, त्या समाजाची वर्गणी आता छातीत धडकणाऱ्या भोंग्यांच्या भाड्यात जाते. व्याख्याता बोलावला तर त्याला रात्री साडेदहाला माईक मिळतो, पंधरा मिनिटांसाठी, आणि तोवर खुर्च्या रिकाम्या. मीही अशा मंडळात पाच वर्षे कार्यकर्ता होतो आणि भोंग्यांच्या ठरावावर मीही हात वर केला आहे. म्हणून हे दुसऱ्याला शिव्या देत लिहीत नाही. पण जो समाज आपली व्याख्याने साडेदहावर ढकलतो, त्याने विद्यापीठाकडे पाठ फिरवण्याआधी थोडा विचार करावा.

तिसरी गोष्ट इतिहासातली. १९५५ मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' हे नाटक झाले. ते महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिले होते. पुढे १९५६ मध्ये नागपुरात दीक्षा सोहळ्याच्या वेळी तेच नाटक अफाट जनसमुदायासमोर झाले. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिताना या नाटकाला वळसा घालून जाता येत नाही. म्हणजे एका महाविद्यालयाच्या रंगमंचावरून सुरुवात झाली आणि ती लोकांपर्यंत गेली. बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले ते फक्त पदव्या वाटायला नाही. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतूनच 'अस्मितादर्श' चालवले आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे वेगवेगळ्या गावी भरवले. प्राध्यापकी, नियतकालिक आणि मेळावा या तिन्ही गोष्टी एका माणसाने एकत्र केल्या. तिथे विद्यापीठ आणि समाज यांच्यामध्ये भिंत नव्हती. ही भिंत नंतर आली, आणि ती दोन्ही बाजूंनी बांधली गेली.

आता प्रश्न येईल की गोंदियात असे आहे काय? नागपूरच्या माणसाला वाटते तांदळाच्या गिरण्या, बिडी, तेंदूपत्ता आणि नागझिऱ्याचे वाघ. तेव्हा यादी सांगतो. यादी पूर्ण नाही.

१९५४ ची भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. बाबासाहेब या निवडणुकीला उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. दुहेरी मतदारसंघ होता, प्रत्येक मतदाराला दोन मते होती, सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. घटना लिहिणाऱ्या माणसाला आपल्या भागाने पाडले, ही गोष्ट आपण भाषणात एका वाक्यात सांगून पुढे जातो. पण ती निवडणूक गावात कशी झाली? कोणाच्या वाड्यावर काय ठरले? आपल्या वस्तीत मतदानाच्या आदल्या रात्री काय घडले? त्या वेळी एकवीस वर्षांचा असलेला मतदार आज नव्वदीच्या पुढे आहे. अशी माणसे दर महिन्याला कमी होतात. विद्यापीठाच्या इतिहास विभागाने एक ध्वनिमुद्रक आणि दोन विद्यार्थी प्रत्येक तालुक्यात पाठवले असते तर आज आपल्याकडे एक मोठा दस्तऐवज असता. अजूनही थोडा होऊ शकतो, पण फार दिवस नाहीत.

पवनीचे घ्या, कारण इथे विद्यापीठाला शाबासकी द्यायची आहे. वैनगंगेच्या काठावरच्या पवनीत १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला आणि विद्यापीठाने तो १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीखाली स्तूप निघाला, इसवी सनापूर्वीच्या शतकांतला. दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मीत कोरलेले दगड निघाले. मुचलिंद नागाचे शिल्प निघाले, त्याच्या नावासकट. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला होता, हे इथे ज्याला आठवणार नाही असा वाचक या पानावर नसेल. त्या भाषणानंतर तेरा-चौदा वर्षांनी आपल्याच तेव्हाच्या जिल्ह्यात जमिनीतून नाव कोरलेला नाग वर आला. एका शिल्पाने नाग लोकांचा इतिहास सिद्ध होत नाही, हे मी जाणतो, आणि आपल्या काही वक्त्यांनी या बाबतीत थोडा आवर घालावा असेही मला वाटते. पण म्हणूनच तर जाणकार माणूस गावात यायला हवा. त्याने सांगावे की दगड काय सांगतो आणि काय सांगत नाही. तो अहवाल इंग्रजीत आहे. गोंदियातल्या किती उपासकांनी त्यातले एक छायाचित्र पाहिले असेल? ज्या विद्यापीठाने स्तूप खणला त्याने तो स्तूप लोकांना सांगितला नाही तर खणून मिळवले काय?

कचारगड घ्या. सालेकसा तालुक्यात माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. पारी कुपार लिंगोची परंपरा, गोंडी भाषा, गोत्रव्यवस्था, देवांची नावे, सगळे तिथे जिवंत आहे. गोंडी भाषा आणि कोया पुनेम यांवर आयुष्यभर लिहिणारे मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करत होते. बँकेतला माणूस रात्री जागून व्याकरण लिहितो आणि पगारी विभाग झोपतात, ही शरमेची गोष्ट आहे. आणि आपणही लिंगोच्या जत्रेला कार्यकर्ता म्हणून एकदा तरी गेलो आहोत का? बहुजन एकतेच्या घोषणा देताना बाजूच्या टोल्यावरच्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही.

मामा तलाव घ्या. मालगुजारीच्या काळातले हे हजारो तलाव भंडारा-गोंदियाची ओळख आहेत. नवेगावबांध कोलू पाटील कोहळीने बांधला असे सांगतात. कोहळ्यांनी पाळ बांधली, ढिवरांनी मासळी राखली, आपल्या माणसांनी माती वाहिली. तलावाच्या कथेत कोणाचे नाव राहिले आणि कोणाचे गळाले, हा मानव्यविद्येचाच प्रश्न आहे, आणि तो पाळीवर बसून विचारला तर गावातला प्रत्येक म्हातारा उत्तर देईल.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातच गोठणगाव-प्रतापगडकडे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. बौद्ध माणसे, देश सोडून आलेली, आपल्या शेतांच्या शेजारी. आपण त्यांच्याकडून हिवाळ्यात स्वेटर घेतले, पण धम्मावर किती बोललो? त्यांचा महायान, आपला नवयान. इतक्या जवळ दोन बौद्ध परंपरा राहतात आणि पाली विभागाला इथे एक परिसंवाद घ्यावासा वाटत नाही. असे ठिकाण महाराष्ट्रात दुसरीकडे शोधून दाखवा.

आणि एक कठीण विषय. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले. मोहाडी तालुका, भंडारा जिल्हा, याच विद्यापीठाचे कार्यक्षेत्र. त्या वर्षी जन्मलेली मुले पदवीच्या वयाला पोचली आहेत. त्यांना ते नाव मोर्च्यातल्या घोषणेतून कळते, अभ्यासातून नाही. महोत्सवात हे नको, आनंदाचा प्रसंग आहे, असे कोणी म्हणेल. ज्या मानव्यविद्येला आपल्याच चार जिल्ह्यांतला खून बघता येत नाही ती रांगोळी स्पर्धाच भरवत राहणार.

आता व्यवहाराचे बोलू. असा महोत्सव कोणी करायचा? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळ आहे आणि आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ आहे. विस्तार हा शब्द कायद्यातला आहे, मी घातलेला नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे दरवर्षी गावात होतातच. तिथे सकाळी श्रमदान आणि दुपारी व्यसनमुक्तीवर तेच ते बौद्धिक. त्यातल्या तीन दुपारी इतिहास, भाषा आणि शाहिरी यांना दिल्या तरी सुरुवात होते. पहिल्या वर्षी पाच दिवस पुरेत. एक दिवस गोंदिया, एक कचारगड, एक नवेगावबांध, एक तिरोड्याकडे वैनगंगेच्या काठी, एक गोठणगाव. मंचावर राज्यघटनेची उद्देशिका, बाकी कोणाची पूजा नाही, आपलीसुद्धा नाही. हेही स्पष्ट सांगतो, कारण आपले कार्यकर्ते लगेच मेणबत्ती घेऊन पुढे येतील. वंदना विहारात घेऊ. सार्वजनिक मंच सर्वांचा असेल तर सर्वांचा असू द्या. शाहिरांना मानधन प्राध्यापकाइतकेच. तिकीट नाही, स्पर्धा नाही, ढाल नाही. प्रश्न विचारायला वेळ, आणि प्रश्न झाडीबोलीत, गोंडीत, पोवारीत, हिंदीत विचारला तरी चालेल. वेळ भाताची मळणी उरकल्यावरची, मंड्यांच्या हंगामात. परीक्षांच्या तोंडावर फेब्रुवारीत ठेवला तर कोणी येणार नाही.

पैसा? विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेसमोर येतो. विस्ताराच्या नावाने एक लेखाशीर्ष उघडायला सदस्याने मागणी करावी लागते, आणि मागणी करणारा सदस्य निवडून पाठवावा लागतो. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा जण निवडून जातात. त्यातल्या पाच जागा राखीव आहेत, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक. हे सगळे नागपूरचे राजकारण समजून आपण सोडून देतो. मग राखीव जागेवरसुद्धा ज्याला आपण कधी पाहिले नाही असा माणूस कोणाच्या तरी पॅनलमधून निवडून येतो आणि पाच वर्षे तोंड उघडत नाही. त्या मतदानाला फक्त पदवी असून चालत नाही. पदवीधर मतदार म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, पदवीचा पुरावा आणि अर्ज देऊन, मुदतीत. आपल्या प्रत्येक वस्तीत आता दहा-वीस पदवीधर आहेत. शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, पोलीस आहेत, बेरोजगार आहेत.

मागच्या निवडणुकीच्या वेळी मी आमच्या विहारात बसलेल्या पदवीधरांना विचारले, नोंदणी कोणाकोणाची आहे? चौदा जण होतो. त्यात तीन एम.ए., एक नेट पास. हात वर झाले दोन. माझ्या घरात चार पदवीधर आहेत आणि त्या दोन हातांतला एक माझा होता, बाकी तिघांचे अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात भरायचे राहिले होते. ते या वेळी भरले आहेत.